जुनी स्पिनिंग रील: नुसती ढिली झालीय की झिजलीय?

मासेमारीच्या काठीवर लाईन, म्हणजे गळाची दोरी, गुंडाळायची ही रील. हँडल खुळखुळतं, रोटर (स्पूलभोवती फिरून लाईन गुंडाळणारा भाग) मागे सरकतो, फिरवताना हाताला खरखर लागते. जुन्या रीलमध्ये या तीनही तक्रारी सहसा एकत्रच येतात आणि बघणारा ‘गेली ही’ म्हणून ती बाजूला टाकतो. मला ही घाई पटत नाही. ढिली रील आणि झिजलेली रील वरवर सारख्याच वाटतात. पण पहिली साफसफाई, एखादा वॉशर, एखादं बेअरिंग एवढ्यावर उभी राहते. दुसरीत कितीही ग्रीस भरलं तरी गेलेला धातू परत येत नाही. ठेवायची की सोडायची, हे या फरकावर ठरवावं.

तपासायच्या आधी ड्रॅग, म्हणजे मासा ओढेल तेव्हा लाईन किती जोराने सुटावी हे ठरवणारा ब्रेक, पूर्ण आवळून घ्या. ड्रॅग सैल असताना स्पूल (लाईन साठवणारी फिरकी) डुगडुगतोच, तो दोष नव्हे.

हँडल: आरपार बोल्टचं की आट्यांचं?

आरपार बोल्टच्या हँडलमध्ये षट्कोनी किंवा चौकोनी दांडी गिअरमधून आरपार जाते आणि पलीकडून स्क्रूने आवळली जाते. यात थोडा प्ले, म्हणजे सैलपणा, जवळजवळ नेहमीच सापडतो, कारण दुमडायचा सांधा, स्क्रू आणि गिअरचं भोक अशा तीन जागी तो साठतो. सांधा चिमटीत घट्ट धरून मूठ हलवून बघा. हलणं थांबलं तर दोष फक्त सांध्यात आहे, आणि तो किरकोळ आहे. आट्यांचं हँडल थेट मुख्य गिअरमध्ये बसतं, त्यामुळे ते घट्ट लागतं. मात्र तिथले आटे गेले की गिअरच बदलावा लागतो. म्हणजे पहिला प्रकार खुळखुळतो जास्त पण सुधारतो स्वस्तात. दुसऱ्याचं त्याच्या उलट.

आता हँडलची दांडी बॉडीत आत-बाहेर सरकते का ते बघा. हा प्ले गिअरशेजारी ०.०५ किंवा ०.१ मिलिमीटरची शिम (पातळ चकती) घालून कमी करता येतो. पूर्ण नाहीसा करायला जाऊ नका, गिअर जाम होतील. दांडी वर-खाली हलत असेल तर बेअरिंग गेलंय. नवीन बेअरिंग बसवूनही हलत राहिली, म्हणजे बॉडीतली बेअरिंगची बैठकच मोठी झालीय. इथे शिम कामाची नाही. अशी बॉडी मी तरी ठेवणार नाही.

मागे फिरणं

जुन्या रॅचेटच्या (दात्याच्या अडसराच्या) रीलमध्ये दाता अडकेपर्यंत रोटर थोडा मागे जातोच, रचनाच तशी असते. एकदिशा रोलर बेअरिंगवाली (म्हणजे एकाच दिशेने फिरू देणारी) रील मात्र जागच्या जागी थांबायला हवी. ती मधूनच घसरत असेल तर बहुतेक वेळा आत जाड ग्रीस शिरलेलं असतं. धुऊन, सुकवून पातळ तेलाचा एक थेंब द्या. तरीही घसरली तर आतल्या नळीवर रोलरचे चरे पडलेत का ते पाहा. रोटर हाताने धरून हँडल मागेपुढे केल्यावर जे हलतं, तो मात्र गिअरच्या दातांमधला आणि सांध्यातला प्ले. या दोन गोष्टींची गल्लत फार होते.

खरखर: बेअरिंगची की गिअरची?

खरा निकाल इथे लागतो, म्हणून इथे वेळ द्या. हँडल सावकाश फिरवा आणि गचका किती वेळा लागतो ते मोजा. समजा रीलचं गुणोत्तर ५.२:१ आहे, म्हणजे हँडलच्या एका फेरीत रोटर ५.२ वेळा फिरतो. हँडलच्या एका फेरीत एकदाच गचका लागला तर संशय मुख्य गिअरवर. पाचेक वेळा लागला तर पिनियनवर (रोटर फिरवणाऱ्या छोट्या गिअरवर), किंवा त्याच्या बेअरिंगवर. मग स्पूल काढून फिरवा. खरखर गेली तर स्पूल वर-खाली नेणाऱ्या भागांकडे वळा, किंवा मधला दांडा वाकलाय का ते बघा. वाकलेल्या दांड्यावर स्पूल आणि रोटर यांच्यातली फट एका बाजूला कमी दिसते.

यानंतर रोटरवर तळहाताने हलका दाब देऊन तेच करा. मोकळी फिरताना गुळगुळीत आणि दाब दिल्यावर दळणारी रील म्हणजे गिअरचे दाते. दोन्ही वेळा सारखीच खरखर असेल तर बेअरिंग किंवा नुसती घाण.

खात्री करायची तर उघडाच. जुनं ग्रीस बोटावर घेऊन उजेडात धरा. पिनियन पितळी असेल तर सोनेरी चमचम ही त्याची झीज. करडी चमचम असेल तर मुख्य गिअरची, जो जस्ताच्या मिश्रधातूचा किंवा अॅल्युमिनियमचा असू शकतो. दाते धुऊन बघा. त्यांची एकच बाजू चकचकीत असेल तर घाबरू नका, जोर एकाच दिशेने येतो. टोकं मात्र धारदार झाली असतील तर जोडी संपलीय. अशा वेळी एकटा पिनियन बदलून भागत नाही, कारण दोघं एकमेकांवर घासून बसलेले असतात. नव्याला जुन्याचे दाते जुळत नाहीत.

लाईन रोलर (लाईन जिच्यावरून सरकते ती छोटी चाकी) अडकलाय, बेलची (लाईन पकडणाऱ्या तारेच्या कमानीची) स्प्रिंग मऊ पडलीय, या गोष्टी निर्णयात धरू नका. रोलरला लाईनने खाच पाडली असेल तर तो बदलावा, नाहीतर लाईन कापेल.

मग ठेवायची कोणती?

बेअरिंग ठरावीक मापांची येतात, ७×११×३ मिलिमीटरसारखी, आणि कुठल्याही कंपनीची चालतात. गिअर मात्र त्याच मॉडेलचे लागतात आणि बंद पडलेल्या मॉडेलचे मिळणं कठीण. म्हणून हँडल डुगडुगणारी, बेअरिंग वाजणारी पण शाबूत दात्यांची कळकट रील मी बेधडक घेईन. बाहेरून लख्ख, आतून धारदार दात्यांची घेणार नाही. बॉडी अॅल्युमिनियमची असेल तर बेअरिंगच्या बैठकीत पांढरी भुकटी आहे का, तेही पाहा. मिठाने धातू खाल्ल्याची ती खूण.

अशी संपलेली रील आधीच तुमच्याकडे असेल तर फेकू नका. स्पूल, बेल, हँडल आणि सगळे स्क्रू काढून ठेवा, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या रीलला ते लागतील.