कॉन्टॅक्ट फॉर्म ७ आणि ब्रेव्हो : घरगुती मसालेवाल्यांना ही जोडणी कितपत उपयोगी?

आमचा घरगुती मसाल्याचा धंदा नेरूळचा. मिरची तुर्भ्याच्या एपीएमसीतल्या मसाला मार्केटमधून येते, देठं काढणं आणि वाळवणं गच्चीवर, आणि पाऊस लागायच्या आत सगळं डंकावरून कुटून आणायचं. वर्षाचा मसाला भरणारं गिऱ्हाईक वर्षातून एकदाच येतं. त्याला वेळेत निरोप गेला नाही तर ते दुसरीकडे भरून मोकळं होतं. आजवर व्हॉट्सॲपवर भागलं. पण ब्रॉडकास्टच्या एका यादीत २५६ माणसांचीच सोय, त्यात ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना निरोप पोचतच नाही. म्हणून साइटवरचा चौकशीचा फॉर्म ईमेलच्या यादीला जोडून घ्यायचं ठरलं.

साइट बनवून देणाऱ्याने या कामाचे वेगळे पैसे सांगितले, तेही दरवर्षीचे. आकडा ऐकून जाऊबाई म्हणाल्या, "अगं, तूच बघ की. तुला जमतं ते." जमलं. आणि ज्याचे दरवर्षी पैसे मोजावेत असं त्यात मला तरी काही दिसलं नाही.

साइट वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवरची, फॉर्म कॉन्टॅक्ट फॉर्म ७ चा. ताकायुकी मियोशी या जपानी माणसाने केलेलं हे प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचा तयार भाग, फुकट आहे. ब्रेव्हो ही ईमेलच्या याद्या ठेवून घाऊक मेल पाठवून देणारी पॅरिसची कंपनी. २०२३ पर्यंत तिचं नाव सेंडइनब्लू होतं, म्हणून जुन्या व्हिडिओत तेच नाव ऐकू येतं. या दोघांची जोडणी प्लगइनमध्येच आहे, मध्ये तिसरं काही घ्यावं लागत नाही. ब्रेव्होत एपीआय की, म्हणजे साइटला आपल्या ब्रेव्हो खात्यात शिरू देणारी गुप्त किल्ली, तयार करायची, ती वर्डप्रेसमध्ये इंटिग्रेशनच्या पानावर चिकटवायची, मग आपल्या फॉर्मच्या ब्रेव्होच्या टॅबमध्ये जाऊन पत्ते कुठल्या यादीत टाकायचे ते निवडायचं. झालं. की मात्र पूर्ण अशी एकदाच दिसते, तेव्हाच कॉपी करून घ्या. आणि ती घरच्या ग्रुपवर टाकू नका. ती ज्याच्या हातात, त्याच्या हातात तुमची सगळी गिऱ्हाइकं.

खरी मेख टिकच्या चौकोनात आहे. पाव किलो आगरी मसाल्याचा भाव विचारणारी बाई म्हणजे आपली मेल मागणारी बाई नव्हे. टिक न लावता जोडणी चालू केली, तर भाव विचारणारा प्रत्येक जण यादीत जाऊन बसतो. फॉर्ममध्ये असा चौकोन आणणारा ॲक्सेप्टन्स नावाचा टॅग (कंसात लिहायची छोटी सूचना) आहे, तो घालायचा आणि टिक केली तरच पत्ता ब्रेव्होकडे जाईल असं त्यातच लिहायचं. त्याच टॅगला 'ऑप्शनल' हा शब्दही लावायचा. तो राहिला तर टिक न करणाऱ्याचा फॉर्मच पुढे जात नाही, आणि मेल नको म्हणणाऱ्याची ऑर्डरही हातची जाते. चौकोन आधीपासून टिक करून ठेवायचा मोह आवरा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती मोकळ्या मनाने, नेमक्या कामासाठी आणि स्पष्ट कृतीने दिलेली हवी, आणि काढून घेणंही दिल्याइतकंच सोपं हवं, असं आहे. आमच्या चौकोनापुढे आम्ही लिहिलंय : "नवीन मसाला कुटून आला की मला ईमेलने कळवा. वर्षातून चार-पाच मेल, जास्त नाही." इंग्रजी मजकूर होता तेव्हा हा चौकोन कोणी बघतही नव्हतं.

उणीव सांगते. या वाटेने आलेला पत्ता थेट यादीत जातो. 'तुम्हीच आहात ना?' असं विचारणारी मेल आधी जाऊन, तिच्यातल्या लिंकवर क्लिक झाल्यावरच नाव घ्यायचं, ही सोय हवी असेल तर ब्रेव्होचा स्वतःचा फॉर्म साइटवर लावावा. जीमेलचं स्पेलिंग चुकवणारे थोडे नसतात, त्यामुळे मला ती सोय इथेही हवी होती. दुसरं म्हणजे, कॉन्टॅक्ट फॉर्म ७ आलेली चौकशी साइटवर साठवत नाही, फक्त मेल पाठवतं. साठवायला त्याच लेखकाचं फ्लेमिंगो नावाचं प्लगइन आहे. हिवाळ्यात डीपीएस तळ्यावर फ्लेमिंगो पक्षी बघायला जाणाऱ्या आम्हा नेरूळकरांना तेवढं नाव तरी लक्षात राहतं!

जोडणीपेक्षा जास्त वेळ डोमेनने, म्हणजे साइटच्या नावाने, खाल्ला. साध्या जीमेलच्या पत्त्यावरून अशी घाऊक मेल पाठवण्यात अर्थ नाही, ती स्पॅममध्ये जाऊन पडते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू याबाबत कडक झालेत. आपल्या डोमेनचा पत्ता घ्यायचा आणि मेल खरंच आपल्याकडूनच गेली हे पटवणाऱ्या डीकेआयएम, डीमार्क या नोंदी डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्या नावाच्या नोंदवहीत, भरायच्या. ब्रेव्हो त्या ओळी तयार करून देतं, आपण जशाच्या तशा चिकटवायच्या. एक अक्षर सुटलं तरी ब्रेव्होत हिरवी खूण येत नाही, आणि नोंद पसरेपर्यंत वाटही बघावी लागते.

फुकटच्या प्लॅनमध्ये दिवसाला ३०० मेल जातात आणि खाली ब्रेव्होचं नाव येतं. नाव असलं तर असू दे. तीनशेची मर्यादा आम्हाला उलट सोयीची पडली. ठाण्याची गिऱ्हाइकं एका यादीत, नवी मुंबईची दुसऱ्या. ठाणेकरांना आदल्या दिवशी मेल, कारण त्यांची पाकिटं भाऊजी ट्रान्स-हार्बर लोकलने घेऊन जातात आणि स्टेशनबाहेर देतात. नेरूळ-सीवूड्सवाले घरी येऊन नेतात, त्यांना एक दिवस उशिरा कळलं तरी चालतं. ज्यांना एकाच सकाळी हजार-दोन हजार मेल सोडायच्या आहेत, त्यांना पैसे भरावेच लागतील.

ब्रेव्होची पानं इंग्रजी आणि काही युरोपीय भाषांत, मराठीचा पर्याय नाही. मेलच्या तळाशी येणारा 'अनसबस्क्राइब' मात्र बदलता येतो. तिथे आता "मेल नकोत? इथे दाबा" असं आहे, आणि ते दाबणाऱ्यांतल्या दोघींनी नंतर फोन करून गोडा मसाला मागवला.