वाहन परवान्यासाठी डिजिलॉकर : तीन वर्षांच्या वापरानंतर

पाकीट घरी विसरण्याची खोड असलेल्या माणसाची मोटार वाहन कायद्याशी ओळख जरा लवकरच होते. माझी ती पुण्यातल्या एका चौकात झाली. हवालदारांनी गाडी बाजूला घ्यायला सांगून लायसन मागितले, तेव्हा मी मोठ्या विश्वासाने फोनमध्ये काढून ठेवलेला परवान्याचा फोटो पुढे केला. त्यांनी तो नीट पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "हा फोटो झाला, दादा. डिजिलॉकर आहे का?" ते नव्हते, त्यामुळे ई-चलन झाले, आणि त्यांचे काहीही चुकले नव्हते. त्याच संध्याकाळी मी डिजिलॉकर उतरवून घेतले. कागदपत्रे फोनवर ठेवण्याची केंद्र सरकारची ही सेवा २०१५ पासून सुरू आहे आणि तिच्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. आता तीन वर्षे ती वापरून झाल्यावर, केवळ वाहन परवान्यापुरते, हे मत नोंदवत आहे.

सेवेची पारख करायची तर कायदा नेमके काय मागतो ते आधी पाहावे लागते, कारण त्यात फार गल्लत होते. परवानाच न काढता वाहन चालवणे हा मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ३ चा भंग असून त्यासाठी कलम १८१ खाली, २०१९ च्या दुरुस्तीपासून, ५,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परवाना आहे पण मागितल्यावर दाखवता आला नाही, तर प्रश्न कलम १३० चा येतो. सार्वजनिक ठिकाणी गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याने मागताच परवाना तपासणीसाठी सादर करणे हे त्या कलमाने चालकाचे कर्तव्य ठरवले आहे, आणि त्यात चूक झाल्यास कलम १७७ चा सर्वसाधारण दंड, म्हणजे पहिल्या वेळी ५०० आणि पुढच्या वेळी १,५०० रुपयांपर्यंत, लागू होतो. म्हणजे कायद्याचा भर परवाना सादर करण्यावर आहे. तो कोणत्या स्वरूपात सादर करावा, हे केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १३९ सांगतो, आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर त्यात कागदी आणि इलेक्ट्रॉनिक अशी दोन्ही रूपे शेजारी शेजारी आली आहेत. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या दुरुस्तीने तर आणखी पुढची पायरी गाठली: अधिकाऱ्याने कागदपत्रांचा तपशील इलेक्ट्रॉनिक मार्गाने पडताळला असेल, तर मूळ प्रत मागता येत नाही, अगदी परवाना जप्त करण्याजोगा गुन्हा घडला असला तरीही.

मग माझा फोटो का चालला नाही? याचे उत्तर डिजिलॉकरच्या रचनेतच आहे. त्यात दोन कप्पे आहेत. एकात आपण स्वतः चढवलेल्या प्रती राहतात, दुसऱ्यात शासकीय विभागाने त्याच्या नोंदीतून थेट दिलेले दस्तऐवज. मूळ कागदपत्राचा दर्जा फक्त दुसऱ्या कप्प्याला आहे. परवान्याचा फोटो पहिल्या कप्प्यात चढवून निर्धास्त झालेली मंडळी माझ्या ओळखीतच चार-पाच आहेत, आणि त्यांच्या फोटोची किंमत माझ्या त्या फोटोइतकीच आहे. परवाना खऱ्या अर्थाने मिळवायचा तर त्याचा क्रमांक टाकून तो परिवहन खात्याच्या 'सारथी' नोंदीतून ओढून घ्यावा लागतो. मला त्याला दोन मिनिटे लागली. पडद्यावर आलेल्या परवान्यावर क्यूआर कोड असतो, वाहनांचे प्रकार असतात आणि मुदत कधी संपते ती तारीखही. ही तारीख मला सर्वांत उपयोगी वाटते, कारण मुदत संपल्यावर जी ३० दिवसांची सवलत पूर्वी मिळत असे, ती २०१९ च्या दुरुस्तीने काढून टाकली आहे.

सगळ्यांचे काम मात्र असे दोन मिनिटांत होत नाही. आमच्या घरचेच उदाहरण सांगतो. पत्नीचा परवाना माहेरच्या नावाने काढलेला आणि आधार सासरच्या नावाचे. दोन्हीकडची माहिती जुळल्याशिवाय परवाना हाती येत नाही, त्यामुळे विवाह नोंदणीचा दाखला जोडून आधी परवान्यावरचे नाव बदलून घ्यावे लागले. या पडताळणीला मी दोष देणार नाही, कारण ती नसती तर कोणाचाही परवाना कोणाच्याही फोनवर आला असता. ज्यांचा परवाना अजून जुन्या कागदी पुस्तिकेचा आहे आणि ज्याची नोंद संगणकावर चढलेलीच नाही, त्यांना आधी आरटीओत जाऊन ती नोंद करून घ्यावी लागेल. एमपरिवहन हे दुसरे सरकारी ॲपही चालते आणि कायद्याने दोन्ही सारखीच आहेत. पण मला विमा, आरसी आणि परवाना एकाच जागी हवे असतात आणि डिजिलॉकरची मांडणी डोळ्यांना सोपी वाटते, म्हणून मी तिथेच राहिलो.

शहरात या तीन वर्षांत मला चार वेळा अडवले गेले. चारही वेळा फोन पुढे केला आणि काम झाले. एकदा तर कोड स्कॅन करणाऱ्या तरुण पोलिसाने "मुदत पुढच्या मार्चपर्यंत आहे, लक्षात ठेवा" असे आवर्जून सांगितले.

उणीव शहराबाहेर पडल्यावर कळते. गेल्या पावसाळ्यात आंबोली घाटातून सावंतवाडीकडे उतरताना दाट धुक्यात तपासणी चालू होती. फोनला रेंज नव्हती, ॲपने पुन्हा पिन मागितला आणि पुढे काही केल्या ते उघडेना. मागे गाड्यांची रांग लागली होती. कर्तव्य कायद्याने चालकावर टाकले आहे, तेव्हा रेंज नाही ही सबब सांगण्याला अर्थ नव्हता. पत्नीने तिच्या पर्समधून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले माझे कार्ड काढून दिले. ते मी घरीच राहिले असे धरून चाललो होतो.