इश्यू आपोआप बंद करणारा बॉट : 8 महिने वापरून, 5 पैकी अडीच स्टार

बॉटचं नाव घेत नाहीये, कारण या जातीचे सगळे बॉट साधारण सारखेच वागतात आणि आमच्याकडे जे बिघडलं त्यात निम्मी चूक आमचीच होती. काम एकदम सोपंय, इश्यूवर (म्हणजे प्रोजेक्टवर कुणी नोंदवलेली बगची तक्रार किंवा मागणी) 60 दिवस कुणी काही बोललं नाही की त्याला 'शिळा' असं लेबल चिकटवतो, खाली ठरलेली कमेंट टाकतो, आणि पुढचे 7 दिवस कुणी हूं का चूं केलं नाही तर बंद. हे दिवस बदलता येतात, आम्ही बदलले नाहीत, कंटाळा.

प्रोजेक्ट छोटा आहे, ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला आणि काम बिनपगारी. मर्ज करायचा, म्हणजे बाहेरून आलेला बदल मूळ कोडमध्ये घ्यायचा, अधिकार आम्हा तिघांकडे, तिघांनाही नोकऱ्या, त्यामुळे जे काय होतं ते रात्री जेवणं झाल्यावर. घरचे याला लष्कराच्या भाकऱ्या म्हणतात, आणि त्यांचं चूक आहे असं नाही. उघड्या इश्यूंचा आकडा 400 च्या वर गेला तेव्हा एका रात्री वैतागून मी बॉट लावून टाकला, बाकी दोघांना सकाळी सांगितलं (हे पण चुकलंच). सेटअप म्हणजे एक फाइल आणि 10 मिनिटं, त्याला पैकीच्या पैकी मार्क. आकडा धडाधड खाली आला आणि मला उगाच आपण फार काम केल्यासारखं वाटायला लागलं.

मग लोक हुशार झाले. 'शिळा' लेबल लागलं रे लागलं की "अजून आहे" एवढंच लिहून जायचं, की लेबल निघालं, पुढचे 60 दिवस निर्धास्त. दुसरीकडे बंद झालेले बग तेच तेच परत यायला लागले, कारण यादी उघडली की आधी फक्त उघडे इश्यू दिसतात, बंद झालेल्यात जाऊन कोण शोधतंय, त्यापेक्षा नवीन टाकलेला बरा. केर काढलाच नव्हता आम्ही, सतरंजीखाली सारला होता.

पण अडीच स्टार कापले ते यासाठी नाही. एकीने पहिल्यांदाच पुल रिक्वेस्ट (कोडमधला स्वतः केलेला बदल, 'हा घ्या' म्हणून) पाठवली होती, व्यवस्थित, टेस्ट लिहून. आम्ही तिघांपैकी कुणीच रिव्ह्यूला हात लावला नाही, प्रत्येकाला वाटलं दुसरा बघतोय. बॉट पुल रिक्वेस्टनाही तोच नियम लावायचा, 67 व्या दिवशी त्याने ती बंद केली, वर कारण काय तर 'हालचाल नाही'. अरे हालचाल कुणाची नव्हती? आमची! तिने "ठीक आहे" एवढंच लिहिलं आणि गेली. भांडली असती तर बरं वाटलं असतं. इथे कुणी राजीनामा देत नाही हो, माणूस फक्त दिसेनासा होतो आणि ते कळायलाच तीन-चार महिने जातात. पगार देत नसल्यामुळे 'शुक्रवारपर्यंत पाहिजे' असं मी कुणाला म्हणू शकत नाही, धरून ठेवायला आपल्या हातात एकच गोष्ट असते, वेळेत दिलेलं उत्तर, आणि तीच आम्ही मशीनच्या हवाली केली होती.

म्हणजे बघा, जो दर दोन महिन्यांनी येऊन ओरडतो त्याचा इश्यू जिवंत राहतो आणि जी गुपचूप काम करून वाट बघते तिचं बंद होतं. बॉटला दोघांतला फरक कळायचं कारणच नाही. बंद झाल्यावर ओरडणारे अजून चेकाळतात ते वेगळंच, 'प्रोजेक्ट मेला का', 'जमत नसेल तर दुसऱ्याला द्या' वगैरे. हे वाचलं की मला एक्सझेड आठवतं, फाइली कॉम्प्रेस करायचं, लिनक्समध्ये सर्रास वापरलं जाणारं ओपन सोर्स टूल. तिथे जवळजवळ एकट्याने काम सांभाळणाऱ्या मेंटेनरवर 2022 मध्ये असाच दबाव आणला गेला, मदतीला आलेल्या 'जिया टॅन' नावाच्या खात्याला हळूहळू अधिकार मिळाले, आणि मार्च 2024 मध्ये त्या टूलमध्ये बॅकडोअर, म्हणजे मुद्दाम ठेवलेली चोरवाट, सापडलं. सापडलं तेही आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला एसएसएच (दूरच्या कॉम्प्युटरवर सुरक्षितपणे शिरायची पद्धत) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं म्हणून. तेव्हापासून 'चौथा मेंटेनर घ्या की' हा सल्ला ऐकायला जेवढा सोपा वाटतो तेवढा राहिलेला नाही. दमलेला माणूस चावी कुणाच्याही हातात देतो, मी पण दिली असती एखाद्या रात्री.

आता बॉट काढलेला नाही, पण वेसण घातलीय. पुल रिक्वेस्टना त्याने हात लावायचा नाही, सुरक्षेचं लेबल असेल तिथे पण नाही. आम्ही प्रश्न विचारून 'माहिती हवी' असं लेबल लावलंय आणि समोरून उत्तरच नाही, तेवढेच इश्यू बंद करायचे, आणि या कामात तो खरंच चांगलाय, अडीच स्टार त्याचेच. कमेंटचा मजकूरही बदलला, आधीचा बँकेच्या नोटिशीसारखा होता. शिवाय आमच्यातला एक जण आता कोड फार लिहीत नाही, नवीन पुल रिक्वेस्ट आली की दोन दिवसांत 'बघितली, पंधरा दिवसांत रिव्ह्यू करतो' एवढं लिहितो. उघड्या इश्यूंचा आकडा परत 300 च्या पुढे गेलाय.

तिची ती पुल रिक्वेस्ट मी परत उघडली, माफी मागितली, मर्ज केली. त्यावर एक अंगठा आला फक्त.