गावच्या रॅकसाठी कोणता ट्रान्समीटर: १०जी एसएफपी-प्लस की सिलिकॉन फोटॉनिक १००जी?

वर्धा जिल्ह्यात देवळी, आर्वी, हिंगणघाटकडच्या गावांत फायबर नेणाऱ्यांना ट्रान्समीटर, म्हणजे डेटा प्रकाशावर चढवून फायबरमध्ये सोडणारं छोटं मॉड्यूल, निवडावं लागतं. एसएफपी-प्लस हे नेहमीचं, सेकंदाला १० गिगाबिटचं (१०जी). सिलिकॉन फोटॉनिकमध्ये प्रकाश हाताळणारे भाग सिलिकॉन चिपवरच असतात, ते इथे १००जीचं. विक्रेते सांगतात, सिलिकॉन फोटॉनिक मॉड्यूल वीज कमी खातं. ते खरं आहे, पण तो हिशेब बिटमागे आहे.

१०जी मॉड्यूल साधारण १ वॅट घेतं, म्हणजे बिटमागे १०० पिकोज्यूल (ऊर्जेचं अतिसूक्ष्म माप). १००जीचं साधारण ३.५ वॅट, म्हणजे ३५ पिकोज्यूल. मात्र हे ३५ लाइन पूर्ण भरून वाहत असेल तेव्हाचे. लेसर आणि सिग्नल सावरणारी चिप ट्रॅफिक नसतानाही चालूच राहतात. मध्यरात्री गाव झोपलेलं असतानाही ते मॉड्यूल जवळपास तेवढेच ३.५ वॅट ओढतं, आणि वीज गेली की हा सगळा भार बॅटरीवर येतो. १००जी पोर्टचा नेटवर्क स्विच (लाइनी एकमेकींना जोडणारं यंत्र) लागतो तो वेगळाच. चार १०जी लाइनी खरोखर भरत असतील, तिथून पुढे सिलिकॉनचा फायदा सुरू होतो. एका गावाला एवढं लागत नाही. तालुक्याहून जिल्ह्याकडे जाणाऱ्या लाइनीवर लागू शकतं.

अंतरातही १०जीच बरं. १० किलोमीटरचं एलआर (लांब पल्ल्याचं) मॉड्यूल सहज मिळतं. सिलिकॉनची बरीच मॉड्यूलं डेटा सेंटरसाठी, ५०० मीटर ते २ किलोमीटरची असतात.

उन्हाचा विचार तर सगळ्यात आधी करा. साध्या मॉड्यूलची मर्यादा ७० अंश असते, तीही त्याच्या धातूच्या खोक्याच्या तापमानाची. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना टिनाखालच्या बंद पेटीत ती गाठायला वेळ लागत नाही. इंडस्ट्रियल दर्जाचं, ८५ अंशांपर्यंतचं घ्या, चार पैसे जास्त गेले तरी.

सिलिकॉनच घ्यायचं ठरलं, तर आत मॉड्युलेटर (प्रकाशावर डेटा चढवणारा भाग) कोणता, माक-झेंडर की रिंग, ते विचारा. माक-झेंडर प्रकाश दोन वाटांत फोडून पुन्हा एकत्र आणतो; तो काही मिलिमीटर लांब असतो आणि वीज जास्त घेतो. पण त्याच्या दोन्ही वाटा एकत्रच तापत असल्याने तो उष्णता बऱ्यापैकी सोसतो. रिंग म्हणजे प्रकाश फिरवणारं बारीक कडं, अवघी काही मायक्रॉनची, वीज फारच कमी घेणारी. चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीने २०२५ मध्ये आपल्या नेटवर्क स्विचसाठी तीच निवडली. पण दर अंशाला तिची तरंगलांबी (ती ज्या रंगाच्या प्रकाशावर चालते तो) सुमारे ०.०७ नॅनोमीटर सरकते, दुपार ते पहाट १५ अंशांच्या फरकात १ नॅनोमीटर. तिला जागेवर धरायला शेजारचा हीटर सतत चालतो. दाखवलेल्या आकड्यात त्या हीटरची वीज धरली आहे का, हे ऑर्डर देण्याआधी लेखी मागून घ्या.