जुन्या मार्शल कॅबचे ग्रीनबॅक: रिकोन करायचे की नवे स्पीकर बसवायचे?

सत्तरच्या दशकातला मार्शलचा ४×१२ कॅब, म्हणजे चार १२ इंची स्पीकरची गिटार अँपची पेटी, हाती लागला, मागची फळी उघडली आणि आत सेलेशनचे ग्रीनबॅक, म्हणजे जी१२एम दिसले, की लोक आधी टोलेक्स (पेटीवरचं आवरण) आणि जाळीच्या कापडाकडे वळतात. ते काम शेवटचं. आवाज आणि खर्च दोन्ही स्पीकरवर ठरतात. आमचं मत आधीच सांगतो: ज्या स्पीकरचा मूळ कोन, म्हणजे आतला कागदी शंकू, जिवंत आहे तो रिकोनला (कोन आणि कॉइल काढून नवी बसवायला) देऊच नका. त्या कॅबचा आवाज त्या पातळ, सुकलेल्या कागदातच आहे. एकदा फाडला की तो परत मिळत नाही.

म्हणून आधी मीटर लावा. अँपची केबल काढून जॅकवर रोध मोजा. १६ ओहमचे चार स्पीकर, दोन-दोन सिरीजमध्ये आणि त्या जोड्या पॅरललमध्ये असतील, तर साधारण १३ ओहम दिसतात. डीसी रोध लेबलवरच्या आकड्यापेक्षा कमीच असतो. २६ दिसले तर एक जोडी बंद आहे. पॅरलल जोड्या सिरीजमध्ये जोडल्या असतील आणि एक स्पीकर गेला असेल, तर १९-२० दिसतात. असा कॅब तसाच वाजवू नका. पहिल्या जोडणीत अँपच्या १६ ओहमच्या टॅपवर (जोडणीच्या टोकावर) ३२ ओहमचा भार येतो आणि व्हॉल्व्ह अँपच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये धोक्याचं व्होल्टेज उसळू शकतं.

मग एकेका स्पीकरच्या तारा सोडवून मोजा. बंद दिसला म्हणजे कॉइल जळलीच असं नाही. टर्मिनलपासून कोनपर्यंत जाणारी लवचिक टिन्सल वायर बऱ्याचदा कोनवरच्या छिद्राजवळ तुटलेली असते. ती हलवली की मीटरचा आकडा उड्या मारतो. नवी टिन्सल डागली की काम झालं. दोन्ही हातांची बोटं डस्ट कॅपभोवती (कोनच्या मधल्या टोपीभोवती) सारखी टेकवून कोन हळूच आत दाबा. खरखर आली तर कॉइल घासते आहे. स्पीकर १८०° फिरवून बसवून बघा, कारण वर्षानुवर्षं उभा राहिलेला कोन आपल्याच वजनाने खाली झुकतो. बोल्ट फार आवळल्याने फ्रेम पिळवटली असेल, तर ते सैल करूनही घासणं थांबतं. कोनच्या मधल्या भागातली दोन-तीन सेंटीमीटरची चीर पातळ कागद आणि पाणी घातलेल्या पांढऱ्या गोंदाने मागून बुजवता येते. कडेच्या घड्यांवर मात्र हा गोंद नको, तो कडक होतो; तिथे लवचिक रबरी गोंदच हवा.

एवढं करूनही कॉइल खरोखर जळलेली निघाली, तरच प्रश्न उरतो.

रिकोन केला तर चुंबक, फ्रेम आणि लेबल मूळचं राहतं. टी१२२१ हा मॉडेलचा आकडा आणि तारखेचा सांकेतिक शिक्का टिकतो, म्हणजे कॅबची ओळख टिकते. आवाज किती टिकेल हे नव्या कोनवर अवलंबून आहे आणि आपल्याकडे घोटाळा इथेच होतो. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की तालुक्याचं गाव, रिकोनचे कारागीर बहुतेक बँड आणि डीजेच्या स्पीकरांवर काम करतात. त्यांच्याकडचा कोन जाड आणि जड असतो, कडेला कापड असतं. तो ग्रीनबॅकमध्ये बसवला तर वरचा चुरचुरीत आवाज जातो, स्पीकर मुका होतो. संच मागताना तीन गोष्टी सांगा: कागदीच कड, ४४ मिमीची कॉइल, १६ ओहम.

काम कसं होतं तेही उभं राहून बघा. चुंबकाच्या फटीतला लोखंडी कीस चिकटपट्टीने पुन्हा पुन्हा काढायला हवा, एक कण राहिला तरी स्पीकर खरखरतो. कॉइल मधोमध राहावी म्हणून आत फिल्मच्या पट्ट्या घालतात. गोंद पूर्ण वाळल्यावरच, निदान २४ तासांनी, त्या काढायच्या. पावसाळ्यात आणखी एक दिवस थांबा. स्पीकर कधी पडला असेल आणि चुंबकच सरकला असेल, तर फट एका बाजूला बुजते. अशा स्पीकरवर रिकोनचे पैसे घालू नका.

नवे बसवले तर सगळ्यात मोठा फायदा वॅटचा. चार ग्रीनबॅक म्हणजे २५×४, कागदावर १०० वॅट. पण मार्शलचं १०० वॅटचं सुपर लीड अँप पूर्ण उघडलं की त्याहून बरंच जास्त देतं, आणि जुन्या कॉइल बहुधा अशाच जळतात. रिकोन करून पुन्हा तेच अँप लावणार असाल तर पुन्हा तेच होईल. तिथे सेलेशनचेच ६५ वॅटचे क्रीमबॅक जी१२एम-६५ घ्या. २० ते ५० वॅटचं अँप असेल तर रिकोनच चांगला. नवे स्पीकर सुरुवातीला ताठ वाजतात, पंधरा-वीस तास वाजवल्याशिवाय मत बनवू नका. काढलेले मूळ स्पीकर विकू नका. कोरड्या जागी ठेवा, कोनवर काही टेकू देऊ नका.

दोन जुने, दोन नवे असा मेळही चालतो, पण चारही १६ ओहमचे हवेत. सेलेशनच्याच व्हिंटेज ३० ची संवेदनशीलता १०० डेसिबल, ग्रीनबॅकची ९८. शेजारी बसवले तर व्हिंटेज ३०च पुढे ऐकू येतो. क्रीमबॅक जवळचा पडतो.

पेटीकडे बघताना मधला उभा ठोकळा आहे ना ते तपासा. तो नसला तर पुढची फळी थरथरते आणि दोष नाहक स्पीकरवर जातो. बर्च प्लायचा सांधा सुटला असेल तर लाकडाचा गोंद घालून क्लॅम्पमध्ये रात्रभर ठेवा. चिपबोर्डची मागची फळी फुगली असेल तर बदलाच.

बसवताना बोल्ट समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे आवळा. फळी लावण्याआधी ९ व्होल्टची बॅटरी क्षणभर जॅकवर टेकवा: चारही कोन एकाच दिशेला सरकले पाहिजेत. एक जरी उलटा गेला, तर त्याच्या दोन तारा अदलाबदल करा, नाहीतर खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतील.