निविदेत पर्यावरण आणि कामगारहित आणायचं कुठे: अट, आयुर्मान खर्च, गुण की राखीव हिस्सा?

‘एल-1 (सर्वात कमी दर भरणारा) सोडून दुसऱ्याला काम दिलं तर लेखापरीक्षणात काय उत्तर द्यायचं?’ खरेदी शाखेत हा प्रश्न ठरलेला. उत्तर देता येतं, पण अट निविदेच्या कोणत्या भागात लिहिली आहे त्यावर ते टिकतं.

सर्वात सोपा मार्ग म्हणजे तांत्रिक विनिर्देशातच किमान पातळी बांधणं. छताचे पंखे घेताना बीईईचं (केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं) ठरावीक स्टार मानांकन, 1200 मिमी पंख्याला मिनिटाला किमान 210 घनमीटर हवा आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल मागा. पुढची स्पर्धा दरावरच होते, त्यामुळे वाद कमी. फक्त वॅटची मर्यादा घातली तर वीज कमी खाणारे पण वारा न देणारे पंखे येतात, आणि मग वर्गात एकाऐवजी दोन लावावे लागतात. ब्रँडचं नाव लिहिलंत तर निविदापूर्व बैठकीतच हरकत येईल.

किमतीत मोठा फरक असेल तर आयुर्मान खर्चाची पद्धत सरस, म्हणजे खरेदीची किंमत आणि वापराच्या वर्षांतला खर्च एकत्र मोजायचा. 75 वॅटचा साधा पंखा 1,600 रुपयांना आणि 30 वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा) 2,700 ला मिळतो असं धरू. रोज 8 तास, वर्षाला 220 दिवस, युनिटला 9 रुपये. पाच वर्षांचं वीजबिल साध्याचं 5,940, बीएलडीसीचं 2,376. बीएलडीसीचं इलेक्ट्रॉनिक कार्ड विजेचा दाब वर-खाली झाला की जळू शकतं, म्हणून त्याचे 500 रुपये धरा. एकूण खर्च 7,540 विरुद्ध 5,576. पण हेच पंखे रोज 3 तासच फिरणाऱ्या सभागृहात लावले तर 3,828 विरुद्ध 4,091, म्हणजे साधाच स्वस्त! म्हणून तास, वीजदर आणि वर्षं खरेदीदारानं ठरवायची आणि सूत्रासकट निविदेत छापायची. लिफाफे उघडल्यावर सूत्र आणलं तर ते टिकत नाही, टिकूही नये. दुसरी अडचण प्रशासकीय आहे: खरेदी एका लेखाशीर्षातून, वीजबिल दुसऱ्यातून. बचत ज्याच्या खात्यात दिसते तो अधिकारी खरेदी समितीत नसतो. मंजुरीच्या टिपणीत दोन्ही आकडे शेजारी मांडा.

दरासोबत गुणवत्तेलाही गुण देण्याची पद्धत कागदावर आकर्षक दिसते. केंद्राच्या ऑक्टोबर 2021 च्या सूचनांनी ती कामं आणि बिगर-सल्लागार सेवांसाठी अटींसह खुली केली. दराबाहेरच्या गुणांचा भार 30 टक्क्यांच्या वर नेता येत नाही. ‘पर्यावरणविषयक बांधिलकी: 10 गुण’ असं मोघम लिहिलंत तर प्रत्येक सदस्य वेगळे गुण देईल. मोजता येईल तेवढ्यालाच गुण द्या. साध्या वस्तूंसाठी या वाटेला जाऊ नये.

चौथा मार्ग राखीव हिस्सा. छोट्या उत्पादकांसाठी केंद्राची खाती आणि उपक्रमांना वार्षिक खरेदीपैकी 25 टक्के सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घेणं बंधनकारक आहे. त्यात 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि 3 टक्के महिलांच्या उद्योगांसाठी. एल-1 मोठा असेल आणि लघुउद्योगाचा दर त्याच्या 15 टक्क्यांच्या आत असेल, तर एल-1 च्या दराला उतरून त्याला किमान 25 टक्के पुरवठा मिळतो. सरकारला जादा रुपया पडत नाही. मात्र ज्याचा उत्पादनखर्चच जास्त आहे, त्या बचत गटाला याचा उपयोग होत नाही. त्यांच्यासाठी कामाचे छोटे भाग करा, मापं आधी घ्या, शिलाईला पुरेशी मुदत द्या. 2024-25 मध्ये महाराष्ट्र सरकारनं शालेय गणवेशाचं कापड एकत्रित घेऊन शिलाई बचत गटांकडे सोपवली; अनेक शाळांत गणवेश उशिरा पोचले आणि पुढच्या वर्षी खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेली. हेतू रास्त होता, वेळापत्रक चुकलं.

सफाई आणि सुरक्षारक्षकांच्या कंत्राटात मात्र गुणही नकोत, सवलतही नको. करारातली अट हवी. निविदेत जवळपास शून्य सेवाशुल्क (स्वतःचा मोबदला) लावणारा कंत्राटदार ते पैसे मजुराच्या पगारातूनच काढतो. म्हणून किमान वेतन, पीएफ आणि मालकाच्या वाट्याचा 3.25 टक्के ईएसआय (कर्मचारी विमा) निविदेत स्थिर ठेवा, स्पर्धा फक्त सेवाशुल्कावर घ्या. महाराष्ट्रात किमान वेतनातला महागाईशी जोडलेला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैमध्ये बदलतो. तो फरक मिळेल असं लिहिलं नाही तर कंत्राटदार जुन्याच दरानं पगार देत राहतो. दरमहा बिलासोबत बँकेतून पगार जमा झाल्याचा पुरावा आणि पीएफचं नाववार विवरणपत्र घ्या, ते हजेरीपटाशी ताडून पाहा. पीएफ भरल्याच्या चलनाची एकूण रक्कम बघून बिल पास करू नका, त्यात दुसऱ्या साइटवरची नावंही असतात.