न संपणारा युरिया

गेल्या वर्षी पिंपळगाव बसवंतहून वाशीच्या बाजारात कांदा नेण्यासाठी मी २०२१ सालचा, बीएस-६ मानकाचा (म्हणजे गाडीच्या धुरातील प्रदूषणाची सरकारने घातलेली मर्यादा पाळणारा) एक जुना ट्रक दलालामार्फत विकत घेतला. इंजिन चांगले होते, आरसी आणि विम्याचे कागदही खरे होते. फसवणूक धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेत होती, आणि तिच्यामुळे सुरुवातीला माझे पैसेच वाचत असल्याने ती माझ्या लक्षात यायला दोन महिने गेले.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झाले. बीएस-४ नंतरचा पाचवा टप्पा सरकारने वगळला, त्यामुळे अवजड डिझेल इंजिनांसाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा प्रति किलोवॅट-तास ३.५ ग्रॅमवरून एकदम ०.४६ ग्रॅमवर आली. ती पाळण्यासाठी बहुतेक ट्रकमध्ये धुरावर डीईएफ (डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड) नावाचे द्रावण फवारतात. आपण ज्याला नुसते युरिया म्हणतो ते हेच, त्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षार काढलेले पाणी असते. शंभर लिटर डिझेलमागे साधारण चार-पाच लिटर युरिया लागतो. टाकी रिकामी राहिली किंवा तीत भलतेच काही भरले, तर गाडीचा संगणक आधी इंजिनाची ताकद कमी करतो आणि पुढे गाडीला ताशी २० किलोमीटरच्या वर जाऊच देत नाही.

“युरियाची टाकी फुल करून देतोय, शेठ,” असे दलाल म्हणाला होता. काटा खरोखरच भरलेली टाकी दाखवत होता, पीयूसी ताजी होती आणि डॅशबोर्डवर एकही दिवा पेटलेला नव्हता. सात खेपांत गाडी सुमारे २,८०० किलोमीटर चालली, सव्वाचारशे लिटर डिझेल जळाले, म्हणजे हिशेबाने किमान सतरा लिटर युरिया संपायला हवा होता. काटा मात्र तसूभरही हलला नव्हता. शंका येण्याऐवजी मी घरी ‘गाडी गुणाची निघाली’ असे सांगत होतो, हे कबूल करायला आज लाज वाटते.

पुढे एका रात्री वाशीहून परतताना शहापूरजवळ डिझेल भरून गाडी सुरू केली, ती २० च्या वर जाईना. रिकाम्या ट्रकने कसारा घाट चढायला अर्धी रात्र गेली. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने युरियाच्या टाकीचे झाकण उघडून मला जवळ बोलावले. युरिया वापरात असला की झाकणाच्या कडेला पांढरे स्फटिक साचतात. इथे नुसती धूळ होती आणि आत साधे पाणी. फवारणीचा पंप काढून नेलेला होता. फ्यूजपेटीच्या मागे चिकटपट्टी गुंडाळलेली, काडेपेटीएवढी काळी डबी निघाली. हा इम्युलेटर. पंप चालू आहे, टाकी भरलेली आहे, असे खोटे संकेत तो संगणकाला पाठवत राहतो. त्याची एक वायर सैल झाली म्हणून माझे डोळे उघडले, नाहीतर मी अजूनही खूश असतो.

मग पीयूसी कशी मिळाली? डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराचा दाटपणा तपासतात, नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत. त्यामुळे अशी गाडी त्या तपासणीतून बिनदिक्कत सुटते.

दलालाला फोन केला तेव्हा, “युरियाचा खर्च वाचवून दिला, आभार माना,” असे उत्तर मिळाले, आणि करारपत्रात ‘गाडी आहे त्या स्थितीत’ असे लिहिल्याची आठवणही त्याने करून दिली. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ नुसार असा बेकायदा बदल केल्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि ही जबाबदारी मालकावर टाकलेली आहे. रस्त्यात गाडी अडवली गेली असती तर आरसीवर नाव माझेच होते. यंत्रणा पुन्हा बसवायला दीड लाखाच्या वर खर्च आला.

बीएस-६ चा जुना ट्रक घेणाऱ्यांनी युरियाचे झाकण स्वतःच्या हाताने उघडून पाहावे, कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीला स्कॅनर लावून घ्यावा, आणि धूर शुद्धीकरणाची यंत्रणा मूळ व चालू स्थितीत आहे हे वाक्य विक्रेत्याकडून स्टॅम्प पेपरवर लिहून घ्यावे. शेवटच्या वाक्यावर जो विक्रेता कुरकुर करेल, त्याची गाडी तिथेच सोडावी.

धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूची तक्रार ग्राहक आयोग सहसा घेत नाही, पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला कायद्यात सूट आहे. माझा हा एकच ट्रक असल्याने मी जिल्हा आयोगात तक्रार दाखल केली आहे. ती काळी डबी सध्या वकिलांच्या कपाटात, मिस्त्रीच्या सहीच्या लिफाफ्यात आहे.